नायट्रो मॉन्स्टर ट्रकचा चालकदंड : एका नावाची आणि एका दोषाची परंपरा

यंत्रविद्येच्या इतिहासात खेळण्यांना सहसा स्थान मिळत नाही. बाष्पयंत्र, यंत्रमाग, मोटार यांचा इतिहास सविस्तर लिहिला जातो. त्यांच्या लहान प्रतिकृतींचा उल्लेख झालाच तर तो करमणुकीचा विषय म्हणून. ही उपेक्षा नेहमीच न्याय्य असते असे नाही. मोठ्या यंत्रात जो भाग पोलादी कवचाआड दडलेला असतो तोच लहान यंत्रात उघड्यावर असतो, वारंवार मोडतो, आणि यंत्राचा धनी तो स्वतःच्या हाताने काढून दुसरा बसवितो. एखाद्या यंत्रांगाची कल्पना कोठून आली, तिचे नाव कोठून आले, आणि नाव व कार्य यांची फारकत केव्हा झाली हे अशा ठिकाणी जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

बिनतारी संदेशाने चालविल्या जाणाऱ्या नायट्रो मॉन्स्टर ट्रकचा चालकदंड हे याचे चांगले उदाहरण आहे. १९९९ नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत व युरोपात या लहान गाड्यांचा मोठा प्रसार झाला, आणि त्यांच्या धन्यांनी जे फेरफार सर्वांत आधी केले त्यांत मूळचे चालकदंड काढून त्या जागी कठीण पोलादाचे दंड बसविणे हा एक प्रमुख होता. हे नवे दंड बाजारात ‘सी.व्ही.डी.’, म्हणजे ‘कॉन्स्टंट व्हेलॉसिटी ड्राइव्ह’, या नावाने विकले जात. या नावाचा सरळ अर्थ ‘समवेग चालन’ असा होतो. परंतु दंड हातात घेऊन त्याचा सांधा पाहिला तर तो समवेग नाही हे तत्काळ ध्यानात येते. सतराव्या शतकात रॉबर्ट हुकने ज्याचे वर्णन केले तोच तो सांधा आहे, आणि त्यातील विषमवेगाचा दोषही तोच आहे. मग हे नाव त्याला कसे चिकटले, आणि ते वाचून पैसे मोजणाऱ्या ग्राहकाच्या पदरात नेमके काय पडले?

हुकच्या आधीपासून सुरुवात करणे आवश्यक आहे, कारण नावांचा घोटाळा तेथूनच सुरू होतो. एकात एक अडकविलेल्या कड्यांच्या आधारे एखादी वस्तू सदैव समतल ठेवण्याची युक्ती फार प्राचीन आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील बायझँटियमच्या फिलोच्या लेखनात अशा रीतीने टांगलेल्या दौतीचे वर्णन आढळते, आणि चीनमध्ये इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात डिंग हुआन याने धूपपात्रासाठी हीच युक्ती वापरल्याचे सांगितले जाते. इटलीचा गणिती जिरोलामो कार्दानो (१५०१–१५७६) याने १५५० च्या आपल्या ग्रंथात या टांगणीचे वर्णन केले. ती आपण शोधून काढली असा दावा मात्र त्याने केला नाही. असे असूनही फ्रेंच व जर्मन भाषांत आजही या सांध्याला कार्दानोचेच नाव आहे. टांगणी आणि सांधा यांत मूलभूत भेद आहे. टांगणीचे काम वस्तू स्थिर ठेवण्याचे. सांध्याचे काम एका अक्षावरील परिवलन त्याच्याशी कोन करणाऱ्या दुसऱ्या अक्षावर पोचविण्याचे. कड्यांची रचना समान असली म्हणून कार्य समान होत नाही, हे ध्यानात न घेतल्यामुळेच शोधाचे श्रेय भलत्याच माणसाकडे गेले.

परिवलन पोचविणाऱ्या सांध्याचे वर्णन गास्पार शॉट या जेझुइट विद्वानाच्या १६६४ च्या ग्रंथात येते. दोन काटे आणि त्यांच्यामध्ये एक क्रूस, अशी ती रचना. शॉटची समजूत अशी होती की, एक दंड एकसारख्या वेगाने फिरविला तर दुसराही तशाच एकसारख्या वेगाने फिरतो. ही समजूत चुकीची होती. १६७६ च्या आपल्या सूर्यदर्शक यंत्रांवरील पुस्तिकेत रॉबर्ट हुकने या सांध्याचा पुन्हा विचार केला, त्याला ‘युनिव्हर्सल जॉइंट’ हे नाव दिले, आणि दुसऱ्या दंडाचा वेग एकसारखा राहत नाही हे त्याने ओळखले. दोन्ही दंड एका रेषेत नसतील तर दुसरा दंड प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो व दोनदा मागे रेंगाळतो. फेऱ्यांची एकूण संख्या तीच राहते. त्या फेरीतील चाल मात्र विषम असते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुढील काळातील अभियंत्यांनी ज्याला दोष मानले तोच हुकच्या दृष्टीने गुण होता. छायायंत्राच्या आडव्या तबकडीवर तासांच्या रेषा सारख्या अंतरावर पडत नाहीत. त्या मध्यान्हाजवळ दाटीने व सकाळ-संध्याकाळकडे विरळ पडतात. या विषमतेचे सूत्र आणि कोनात बसविलेल्या सांध्याच्या विषमतेचे सूत्र एकाच रूपाचे आहे. सांध्याचा कोन स्थळाच्या अक्षांशाला अनुसरून ठेवला की यंत्रच रेषा आखून देते. लंडनच्या अक्षांशास तो कोन सुमारे साडेअडतीस अंशांचा होतो, आणि ते सहज साधते. हुक मुंबईत असता तर त्यास एकाहत्तर अंशांच्या आसपासचा कोन घ्यावा लागला असता, आणि इतक्या कोनात असा सांधा अडखळल्यावाचून राहत नाही. एकाच यंत्रांगाचे मोल स्थळाप्रमाणे व प्रयोजनाप्रमाणे किती बदलते याचा हा छोटासा पुरावा होय.

विषमता नको असेल तर काय करावे, याचाही मार्ग हुकलाच दिसला होता : एकाऐवजी दोन सांधे एकामागोमाग लावावेत, म्हणजे पहिल्याने उत्पन्न केलेली विषमता दुसरा नाहीशी करील. एकोणिसाव्या शतकात १८४१ मध्ये रॉबर्ट विलिसने या गतीचे विवेचन केले आणि १८४५ पर्यंत झां-व्हिक्तोर पोन्सले याने गोलीय त्रिकोणमितीच्या साहाय्याने तिचे गणित मांडले. ते गणित थोडक्यात असे सांगता येते : दोन दंडांमधील कोनाची कोज्या घ्यावी, दुसऱ्या दंडाचा वेग पहिल्याच्या मानाने त्या कोज्येपासून तिच्या व्यस्तापर्यंत हेलकावे खातो. कोन १० अंशांचा असेल तर वेग ०.९८५ ते १.०१५ पट, म्हणजे नगण्य फरक. ३० अंशांस तो ०.८६६ ते १.१५५ पट, आणि ४० अंशांस ०.७६६ ते १.३०५ पट. कोन लहान असताना दोष झोपलेला असतो आणि कोन वाढताच तो एकदम जागा होतो. चालकदंडाच्या पुढील सर्व इतिहासाचे मर्म या चार-पाच आकड्यांत आहे.

मोटारगाडीने हा सांधा छायायंत्रावरून रस्त्यावर आणला. लुई रनोने १८९८ च्या आपल्या छोट्या गाडीत साखळीऐवजी दंडाने चाकांकडे शक्ती नेली. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर याने १९०३ मध्ये बंदिस्त व वंगणयुक्त सार्वत्रिक सांध्याचा एकाधिकार मिळविला आणि १९०४ मध्ये त्याचे उत्पादन सुरू केले. महाराष्ट्रातील गॅरेजांत मालट्रकच्या प्रोपेलर शाफ्टचा जो ‘क्रॉस’ बदलला जातो तो याच कुळातला. अशा लांब दंडाच्या दोन टोकांना दोन सांधे असतात, आणि मधल्या दंडाचे दोन्ही काटे एकाच प्रतलात असावे लागतात. दंडाचे सरकते दोन भाग खोलून पुन्हा जोडताना ते नव्वद अंशांनी चुकले, तर विषमता नाहीशी होण्याऐवजी वाढते. ३० अंशांस वेगाचा हेलकावा मग ०.७५ ते १.३३ पर्यंत जातो. जाणता मिस्तरी दंड खोलण्यापूर्वी दोन्ही भागांवर छिन्नीने खूण करून ठेवतो ती याचसाठी. त्यास पोन्सलेचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही.

मागील चाकांपुरता हा प्रश्न असा सुटला. पुढील चाकांना शक्ती द्यावयाची ठरताच तो पुन्हा उभा राहिला, कारण पुढील चाक वळते, आणि वळताना त्याच्या सांध्याचा कोन तीस अंशांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक होतो. एका टोकाचा कोन वाढला व दुसऱ्याचा वाढला नाही, तर दोन सांधे परस्परांचा दोष झाकू शकत नाहीत. सुकाणूचे चक्र हातात थरथरू लागते. यातून खऱ्या समवेग सांध्याचा शोध सुरू झाला. फ्रान्समध्ये झां-आल्बेर ग्रेग्वार याने पिएर फनाय याच्या सहकार्याने १९२६ मध्ये ‘त्राक्ता’ सांधा सिद्ध केला. अमेरिकेत अल्फ्रेड झेप्पा याने १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पोलादी गोळ्यांचा सांधा रचला. त्यातील तत्त्व साधे पण सखोल आहे : शक्ती ज्या बिंदूंतून एका दंडाकडून दुसऱ्याकडे जाते ते बिंदू दोन दंडांमधील कोन दुभागणाऱ्या प्रतलात सतत राहिले पाहिजेत. झेप्पाच्या सांध्यात सहा गोळ्या एका पिंजऱ्यात बसविलेल्या असतात आणि तो पिंजरा त्यांना त्या प्रतलात धरून ठेवतो. दुसऱ्या महायुद्धातील जीपच्या पुढील आसांत त्राक्ता, झेप्पा व बेंडिक्स-वाइस हे तिन्ही प्रकार वापरले गेले. १९५९ च्या ‘मिनी’ मोटारीत झेप्पाच्या पद्धतीचा सांधा आला आणि पुढील चाकांनी ओढली जाणारी छोटी मोटार सर्वसामान्य झाली.

नंतरच्या नागरी जीपगाड्यांच्या पुढील आसात मात्र हुकचा साधा सांधाच पुन्हा बसविला गेला, ही गोष्ट इतिहासकारांकडून बहुधा निसटते. त्या गाड्यांत पुढील चाकांना शक्ती केवळ चिखलात वा चढावर दिली जाई. तेथे सुकाणू थरथरले तरी कोणाचे बिघडत नसे, आणि साधा सांधा स्वस्त, मजबूत व दुरुस्तीस सोपा होता. तंत्राची वाटचाल नेहमी उणिवेकडून पूर्णतेकडेच होते ही समजूत येथे टिकत नाही.

आता खेळण्याकडे वळावयास हरकत नाही. ज्या मोठ्या गाडीची ही प्रतिकृती ती १९७० च्या दशकात अमेरिकेतील सेंट लुइस परिसरात जन्मास आली. बॉब चँडलर याने आपल्या १९७४ च्या फोर्ड पिकअप गाडीला एकामागून एक मोठी चाके लावली, तिला ‘बिगफूट’ हे नाव पडले, आणि १९८१ मध्ये तिने मोडक्या मोटारी चिरडून दाखविल्या. पुढे ६६ इंच व्यासाची चाके आणि अवजड लष्करी मालट्रकांचे आस हा अशा गाड्यांचा साचा ठरला. हे आस अखंड असतात. चाकांकडे जाणारे दंड जाड नळीच्या आत सरळ बसलेले असतात आणि सांधा लागतो तो फक्त चाक वळते त्या ठिकाणी. १९८७ मध्ये जपानच्या तामिया कंपनीने काढलेल्या ‘क्लॉड बस्टर’ या विद्युत् प्रतिकृतीत हीच अखंड आसांची पद्धत होती. तिच्या तर प्रत्येक आसावरच स्वतंत्र विद्युत्-चलित्र बसविले होते.

नायट्रो ट्रकने हा साचा सोडला. इंधनाच्या छोट्या इंजिनाची परंपरा विमानांच्या प्रतिकृतींतून आली होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस रे आर्डेन याने ग्लो प्लग बाजारात आणला. त्यातील प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या सान्निध्यात स्वतःच तापलेली राहते, त्यामुळे ठिणगीसाठी बॅटरी व कॉइल वाहून न्यावी लागत नाही. मिथेनॉलमध्ये नायट्रोमिथेन मिसळले की शक्ती वाढते, कारण नायट्रोमिथेनच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो. एक भाग मिथेनॉल जाळण्यास वजनाने सुमारे साडेसहा भाग हवा लागते, तर एक भाग नायट्रोमिथेनला पावणेदोन भागांहूनही किंचित कमी पुरते. तेवढ्याच हवेत अधिक इंधन जळते. ‘नायट्रो’ हे नाव यावरून आले, जरी टाकीतील इंधनात त्याचे प्रमाण मिथेनॉलपेक्षा सामान्यतः कमीच असते.

१९९९ मध्ये टेक्सस राज्यातील ट्रॅक्सस कंपनीने ‘टी-मॅक्स’ हा ट्रक काढला. अडीच घनसेंटिमीटरचे इंजिन, दोन गती, बिनतारी संदेशानेच घालता येणारा रिव्हर्स गिअर, चारही चाकांना शक्ती, आणि चारही चाकांची स्वतंत्र स्प्रिंगव्यवस्था. यांतील शेवटची बाब येथे निर्णायक आहे. चाक स्वतंत्रपणे खालीवर होणार म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दंड उघड्यावर आला, त्याच्या दोन्ही टोकांना सांधे आले, आणि अंतर बदलत असल्याने त्याची लांबीही बदलती ठेवणे भाग पडले. असे चार दंड. मोठ्या मॉन्स्टर ट्रकला जो प्रश्न पडलाच नव्हता तो त्याच्या प्रतिकृतीला पडला. टी-मॅक्समध्ये तो नायलॉनच्या, एकात एक सरकणाऱ्या दंडांनी सोडविला होता. ‘सॅव्हेज’ या एच.पी.आय. कंपनीच्या साडेतीन घनसेंटिमीटर इंजिनाच्या ट्रकमध्ये उत्तर निराळे होते : दोन्ही टोकांना गोळा व त्यातून आडवी गेलेली खीळ असलेला पोलादी दंड, आणि त्या खिळीसाठी खाच असलेल्या दोन वाट्या. आकारावरून या दंडाला ‘डॉगबोन’, म्हणजे कुत्र्याचे हाड, म्हणतात. लांबी बदलण्याचा प्रश्न येथे खीळ खाचेत पुढेमागे सरकून सुटतो.

खीळ आणि खाच ही जोडी ओबडधोबड दिसते, आणि छंदी लोकांत तिला कनिष्ठ मानण्याची पद्धत आहे. गतिशास्त्राच्या दृष्टीने हे मत तपासून पाहण्यासारखे आहे. हुकच्या सांध्याचे सार काय? क्रुसाची एक भुजा पहिल्या दंडाशी बांधलेली, दुसरी दुसऱ्याशी, आणि दोन्ही परस्परांशी सदैव काटकोनात. आता डॉगबोन पाहावा. खीळ दंडाशी बांधलेली आहे. ती खाचेच्या प्रतलाबाहेर जाऊ शकत नाही, म्हणजेच खाचेवरील लंबाशी तिचा कोन सदैव काटकोन राहतो. आणि तो लंब वाटीशी बांधलेला आहे. क्रूस डोळ्यांना दिसत नाही एवढेच, बंधन तेच आहे. ओबडधोबड डॉगबोन म्हणजे दोन्ही टोकांना हुकचा सांधा असलेला दंड होय. त्याच्या दोन खिळी परस्परांना समांतर असतील, आणि चाकाचा अक्ष डिफरन्शियलच्या अक्षाला समांतर राहील, तर स्प्रिंग कितीही दबली तरी दोन्ही टोकांचे कोन समान राहतात आणि दोष परस्पर नाहीसा होतो. सरळ धावणाऱ्या ट्रकमध्ये तिरस्कृत डॉगबोन समवेगच देतो.

त्याच्या जागी आलेल्या सी.व्ही.डी. दंडाकडे आता पाहता येईल. कॅलिफोर्नियातील एम.आय.पी. या कंपनीने हे नाव शर्यतीच्या लहान विद्युत् गाड्यांच्या काळापासून रूढ केले होते, आणि पुढे टी-मॅक्ससाठीही तिचे असे दंड मिळू लागले. त्याचे आतले, म्हणजे डिफरन्शियलकडचे टोक डॉगबोनसारखेच, खीळ व वाटी यांचे. बाहेरच्या टोकाला दंडाचा गोळा चाकाच्या आसाच्या पोकळीत कायमचा बसविलेला असतो. गोळ्यातून आडवे छिद्र जाते, छिद्रात एक लहानसा दंडगोल फिरता बसतो, आणि आसाच्या दोन बाजूंतून येणारी खीळ त्या दंडगोलातून काटकोनात आरपार जाते. दंडगोल म्हणजे क्रुसाची एक भुजा, खीळ म्हणजे दुसरी. हे हुकच्या सांध्याचे सुबक, आटोपशीर आणि धुळीपासून बऱ्यापैकी सुरक्षित रूप आहे. त्यात गोळ्यांचा पिंजरा नाही, आणि कोन दुभागणाऱ्या प्रतलात काही धरून ठेवणारी कसलीही योजना नाही. पुढील चाक ३० अंशांत वळविले तर ते प्रत्येक फेरीत दोनदा पंधरा टक्के पुढे धावेल व दोनदा तेरा टक्के मागे पडेल. शॉटने १६६४ मध्ये याच सांध्याविषयी जी चूक केली तीच तीन शतकांनंतर वेष्टनावर छापली गेली. शॉटची चूक अज्ञानातून झाली होती. वेष्टनावरचे नाव मोटारीच्या शब्दकोशातून उसने आले होते, आणि तेथे त्या शब्दांना झेप्पापासून एक प्रतिष्ठा प्राप्त झालेली होती. शर्यतीच्या गाड्यांच्या जगात हे पुढे कळलेही. तेथे नंतर चाकाच्या टोकाशी दोन सांधे जवळजवळ बसविलेले दंड आले, ते हुकने सुचविलेल्या जोडसांध्याचेच रूप होते. पुढील चाकांची थरथर ज्यांना खरोखर खुपत होती त्यांनी ते घेतले.

मग मॉन्स्टर ट्रकच्या धन्याला सी.व्ही.डी. घेऊन काहीच मिळाले नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला समवेग मिळाला नाही, पण त्याला तो नकोच होता. खडीच्या मैदानावर उड्या मारणाऱ्या ट्रकला हेलकाव्याची पर्वा नसते. त्याला हवी होती मजबुती, आणि ती मिळाली. भरीव दंडाची पीळ सोसण्याची शक्ती व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. चार मिलिमीटरचा दंड पाच मिलिमीटरचा केला तर ती जवळजवळ दुप्पट होते. बाहेरचे टोक बंदिस्त असल्याने उडीत दंड वाटीतून निसटून पडण्याचे भय निम्म्याने कमी होते. खीळ झिजली तर तेवढीच बदलता येते. हे लाभ खरे आहेत; फक्त नावात त्यांपैकी एकाचाही उल्लेख नाही.

हा भाग मोडत असे तो कशाने, याचा हिशेब केल्यास आणखी एक गोष्ट उघड होते. समजा ट्रकचे वजन पाच किलोग्रॅम आहे आणि चाकाची त्रिज्या सात सेंटिमीटर. भार चारही चाकांवर सारखा विभागला आणि टायरची पकड पूर्ण मानली, तरी एका चाकावरचा भार सुमारे १२ न्यूटन, आणि घसरण्यापूर्वी ते चाक आपल्या दंडात निर्माण करू शकेल असा पीळ एका न्यूटन-मीटरहूनही कमी. इंजिन कितीही जोरदार बसविले तरी टायर त्याहून अधिक पीळ घेऊच शकत नाही, तो घसरतो. इतका पीळ पाच मिलिमीटरच्या पोलादी दंडात चौरस मिलिमीटरला ४० न्यूटनांहूनही कमी ताण उत्पन्न करतो. पोलाद तो लीलया सोसते. दंड मोडतो तो संथ ओढीने नव्हे, आघाताने. ट्रक हवेत असताना चाके भरधाव फिरतात, जमिनीला टेकताच त्यांवर वजनाच्या कित्येक पट दाब येतो, त्याच प्रमाणात पकडही वाढते, आणि फिरणाऱ्या साऱ्या यंत्रणेचा वेग क्षणात उतरावा लागतो. त्यात इंजिनाचे प्रचक्र लहान असले तरी दंतचक्रांच्या गुणोत्तराच्या वर्गाने त्याचे जडत्व चाकापाशी मोठे होऊन दिसते. गुणोत्तर २० असेल तर ४०० पट. ब्रेकची तबकडीही टी-मॅक्समध्ये चाकांत नसून गिअरपेटीशी असते, त्यामुळे थांबण्याचा जोरदेखील याच दंडांतून जातो.

अशा आघातात ताठरपणा हा सद्गुण राहत नाही. आघाताचा कमाल पीळ ढोबळ मानाने ताठरपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. तेवढ्याच आकाराचा पोलादी दंड नायलॉनच्या दंडाहून पन्नास पटींहूनही अधिक ताठर असतो, म्हणजे अन्य लवचिकता नसती तर आघात सात पट वाढला असता. टायर फुगीर असतात, सांध्यांत सैलपणा असतो, म्हणून प्रत्यक्षात वाढ इतकी होत नाही. परंतु वाढ होते हे निश्चित, आणि ती कोठेतरी जावीच लागते. ती गेली डिफरन्शियलच्या दातांकडे. नायलॉनचा दंड पिळला जाई, प्रसंगी तुटे, आणि तो थोड्या पैशांत व थोड्या वेळात बदलता येई. पोलादी दंड तुटेनासा झाला तेव्हा आतील दंतचक्रांचे दात झडू लागले, आणि ती बदलण्यासाठी अर्धा ट्रक खोलावा लागे. मग दंतचक्रेही कठीण पोलादाची घ्यावयाची, मग त्यांची पेटी ॲल्युमिनियमची. एका बदलातून दुसरा निघत गेला. शेतीच्या ट्रॅक्टरवर अवजार जोडताना मुद्दाम एक कच्ची खीळ ठेवतात, दगड लागला तर तीच तुटावी म्हणून. नायलॉनचा दंड हेतुपुरस्सर तसा केला होता की केवळ स्वस्त म्हणून, हा प्रश्न वेगळा. कार्य मात्र त्याने तेच केले, आणि त्याची ही सेवा तो निघून गेल्यावरच दातांच्या रूपाने मोजली गेली. दंड बदलणाऱ्याचे चुकले असे यावरून ठरत नाही. ज्याला दर उडीमागे दंड बदलण्याचा वीट आला होता त्याने विचारपूर्वक दुसरा खर्च पत्करला असेल तर तो त्याचा अधिकार आहे. पण ‘अपग्रेड’ या शब्दाने हा व्यवहार झाकला गेला, आणि ‘समवेग’ या शब्दाने तर तो पूर्णच दिसेनासा झाला.

पुढील दशकात नायट्रो इंजिनाचे स्थान बहुतांशी ब्रशविरहित विद्युत्-चलित्रांनी घेतले. त्यांचा पीळ शून्य वेगापासूनच पूर्ण असतो, त्यामुळे दंडांवरील भार आणखी वाढला, आणि कठीण पोलादाचे दंड ही चैन न राहता अनेक ट्रकांत कारखान्यातूनच येऊ लागली. २०१५ मध्ये ट्रॅक्ससने ‘एक्स-मॅक्स’ हा बराच मोठा विद्युत् ट्रक काढला. त्याच्या मुख्य दंतचक्रापाशी एक रबरासारखा लवचिक भाग बसविलेला आहे. आघात आला की तो दबतो आणि पुढच्या यंत्रणेपर्यंत धक्का सौम्य होऊन पोचतो. नायलॉनचे दंड जे काम नकळत करीत होते ते आता स्वतंत्र भाग म्हणून, स्वतंत्र नावाने, गाडीच्या मध्यभागी परतले होते.